तो मलिदा साखरपुड्याचा नव्हता

"त्या काळी आपल्या समाजात मुलगी आठवी झाली की तिचे शिक्षण संपत असे. ओफाकिममधल्या एका गृहस्थाने तर चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवून मलिदाही उरकून घेतला होता. सुदैवाने ही गोष्ट तिच्या शिक्षिकेच्या कानावर गेली. त्या माउलीने बापाची समजूत घातली, ठरलेले लग्न मोडले, आणि मुलीला स्वतः हाताला धरून बेर शेव्याच्या शाळेत नेऊन बसवले."

आमच्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी निघालेल्या पुस्तिकेत हा मजकूर छापला आहे. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला हिब्रू. गृहस्थाचे नाव दिलेले नाही. लेखकाला हा आपला सभ्यपणा वाटला असावा. परंतु त्या वर्षी ओफाकिममधून आमच्या लोकांपैकी एकच मुलगी बेर शेव्याला शिकायला जाऊ लागली आणि तिचा बाप मी आहे. माझ्या नातवाने हिब्रू बाजू वाचली आणि पुस्तिका माझ्यापुढे धरून हिब्रूतच विचारले, "आजोबा, हे तुम्ही का?" मी मराठीत 'नाही' म्हणालो. तो हसला. त्या हसण्याला उत्तर म्हणून हे लिहीत आहे.

पुस्तिकेचे लेखक त्या संध्याकाळी माझ्या घरी नव्हते. ते ओफाकिमलाही नव्हते. ते तेव्हा माझगावात राहत होते आणि यहुद्यांच्या या देशात आले ते कितीतरी वर्षांनी. त्यांनी जे लिहिले ते ऐकले, आणि ज्याच्याकडून ऐकले त्यानेही ऐकलेच होते. मी मात्र त्या ताटासमोर बसलो होतो.

मी मूळचा कुलाबा जिल्ह्यातला. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे, यावरूनच गाव आम्हांला ओळखत असे. मुंबईत मी गिरणीत जॉबरच्या हुद्द्यापर्यंत पोचलो. ओफाकिमला आलो तेव्हा इथल्या कापडाच्या फॅक्टरीत पुन्हा साधा कामगार झालो. माग तेच होते, शिव्या तेवढ्या नव्या शिकाव्या लागल्या. मुलगी मुंबईत मराठी चौथी झाली होती. इथे तिला एक वर्ग खाली बसवले आणि तिने दीड वर्षात असे हिब्रू उचलले की दवाखान्यात आणि दुकानात आम्ही तिला पुढे करू लागलो. तिच्या आईला काय होते हे डॉक्टरला तीच सांगे, आणि डॉक्टरचे उत्तर आईला सांगताना दोन वाक्ये गाळी, हेही माझ्या लक्षात येई.

गावात शाळा होती ती आठवीपर्यंत. पुढचे शिक्षण बेर शेव्याला. ते सर्वांसाठी नव्हते. आठवीअखेरीस सरकारी परीक्षा असे, तीत चांगले गुण पडले तर फी माफ होई, आणि फी माफ झाली तरी शाळेत जागा मिळेलच असे नव्हते. आमच्या गावातून कोणाला घ्यायचे याबाबत वर्गशिक्षिकेचा शब्द चाले. ज्यांना जागा मिळत नसे त्यांच्यासाठी फॅक्टरी होती. आमचा फोरमन कामगारांच्या मुलींना सूतखात्यात सहज घेई.

"तुझी मोठी आठवीला आहे ना?" त्याने मला एकदा विचारले होते. "उन्हाळ्यानंतर पाठव. तुमच्या बायकांची बोटं हलकी असतात."

"तिची बोटं वहीसाठी आहेत," मी म्हणालो.

"सगळे बाप असंच म्हणतात," तो म्हणाला. "मग ऑक्टोबरात येतात."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मला भीती वाटत होती, हे मी लपवीत नाही. चौदा वर्षांची मुलगी पहाटेच्या बसने जाणार, बसमध्ये निम्मे सैनिक, संध्याकाळी बस चुकली तर तिला कोणाचे दार ठोठावायचे ठाऊक नाही. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी मला तसे बोलूनही दाखवले. रात्रपाळीत मागापुढे उभा राहून मी तीच बस डोळ्यांपुढे आणी. मला भीती होती. विरोध नव्हता. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या घराविषयी लिहू नये.

परीक्षेच्या आधी माझ्या पत्नीने एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस केला. मुलगी पास झाली तर मलिदा करीन, असे ती चुलीपाशी उभी राहून बोलली, आणि मग मला सांगितले. आमच्यात हे नवे नाही. संकट टळले, आजारी माणूस उठला, नवे घर घेतले, की भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरे, वेलची घालून तो मलिदा ताटात रचायचा, भोवती फळे मांडायची, हन्नाबीचे गाणे म्हणायचे आणि सर्वांच्या हातावर प्रसाद ठेवायचा. लग्नाआधीही तो करतात, हे खरे. पण पाण्याचा हंडा लग्नात लागतो म्हणून विहिरीवर गेलेली प्रत्येक बाई नवरी ठरत नाही.

निकाल लागला. मुलगी पास झाली, फी माफ होण्याइतके गुण मिळाले. शिक्षिकेने तिचे नाव बेर शेव्याला कळवले. शाळेचे उत्तर यायचे होते. मी पत्नीला म्हटले, "जागा मिळू दे. मग दोन्हीचं एकदम करू."

"मी परीक्षेचं बोलले होते," ती म्हणाली. "परीक्षा झाली. आता हन्नाबीला दारात ताटकळत ठेवू?"

"तो थांबेल."

"तो थांबेल हो. मला झोप नाही."

तिला झोप नव्हती हे मला ठाऊक होते, कारण मलाही नव्हती. मी मान्य केले.

पोहे ओफाकिममध्ये मिळत नसत. लोदला तिच्या चुलत भावाचे कुटुंब नुकतेच बोटीने आले होते, त्यांच्याकडे मुंबईची पिशवी होती. ती घेऊन त्यांचा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा गुरुवारी आला. नारळ नव्हता, सुके खोबरे रात्रभर भिजवले आणि किसले. खजूर, संत्री, केळी बाजारातून आणली. ज्याच्यासाठी नवस असेल त्याने ताटासमोर बसायचे, नवे कपडे घालून, डोके झाकून, अशी आमच्या घरची रीत. मुलीला नवे कपडे नव्हते. पत्नीने स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी पेटीतून काढली आणि तिला नेसवली. लोदचा मुलगा गळ्याने चांगला होता, म्हणून गाणे त्याने सांगितले, आणि गाणे सांगणारा ताटापाशीच बसतो.

आता बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसले ते सांगतो. पांढऱ्या साडीतली मुलगी. तिच्याशेजारी इस्त्रीच्या शर्टातला तरुण. समोर फळांनी सजलेले ताट, आणि गाणारी माणसे. आमची शेजारीण मोरोक्कोची, भल्या मनाची आणि मोठ्या आवाजाची. तिने उघड्या दारातून हे पाहिले, आणि त्यांच्यात शुभकार्याला जीभ हलवून जो लांब थरथरता आवाज काढतात तो तिने काढला. मग "मज़ल टोव, मज़ल टोव" करीत आत आली आणि मुलीच्या गालांचे मुके घेतले.

कोणीतरी तेव्हाच तिला सांगायला हवे होते, असे आज म्हणता येते. पण आमच्या कोकणातली शिकवण अशी की दारात आलेला आशीर्वाद परत पाठवू नये. तो कशासाठी दिला याची चौकशीही करू नये. पत्नीने तिच्या हातावर मलिदा ठेवला आणि आभार मानले. मीही मानले. लोदच्या मुलाने तर उठून मान लववली. तिच्या हाकेने आणखी तिघी-चौघी आल्या, त्यांनाही आम्ही प्रसाद दिला आणि प्रत्येकीचे "मज़ल टोव" हात जोडून घेतले.

आणि असे पाहा, ते दिवस कोणते होते? आमच्या लोकांच्या लग्नांना इथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हरकती घेत होते, मुलीची आई कोण, आजी कोण, तिच्या मागची कोण, असे विचारीत होते. वयात आलेल्या मुलामुलींची लग्ने अडून पडली होती आणि घराघरांत तोच विषय होता. अशा वर्षी मी चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न काढीन, जिला कायदाही परवानगी देत नव्हता? पुस्तिकेच्या लेखकाला हा प्रश्न सुचला नाही.

आठवडे गेले. बेर शेव्याचे उत्तर येईना. मुलगी रोज पोस्टाच्या वेळेला बाहेर जाऊन उभी राहू लागली आणि विचारले की म्हणे, हवा खाते. ऑगस्टात ओफाकिमला खाण्यासारखी हवा नसते. तिने शाळेचा निळा शर्ट धुऊन, वाळवून, घडी करून ठेवला होता. पुन्हा काढून धुतला. मी ऑक्टोबरचा विचार करीत होतो.

मग एके दिवशी जेवणाच्या सुटीत फोरमन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मज़ल टोव. मला सांगितलं नाहीस. वहीसाठी बोटं, म्हणे."

"काय सांगितलं नाही?"

"मुलीचं. सगळ्या शिकूनला ठाऊक आहे."

शिकून म्हणजे आमची वसाहत. माझ्या हातातला पाव मी डब्यात परत ठेवला आणि सुटी संपायच्या आत शिक्षिकेकडे गेलो.

ती रुमानियाची, पन्नाशीची, सडपातळ बाई. उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेत मुलांची पुस्तके चिकटवीत बसली होती. तिनेही आधी "मज़ल टोव" म्हटले, पण डोळे वर न करता.

"कशाबद्दल?" मी विचारले.

"तुमच्याकडे लवकर करतात, मला माहीत आहे. मला ते आवडत नाही. पण मी पोलीस नाही."

"लग्न ठरलेलं नाही. ते देवाचे आभार होते. ती पास झाली म्हणून."

"मग नवरा मुलगा कोण होता?"

"तो लोदहून पोहे घेऊन आला होता."

"काय घेऊन?"

"पोहे. तांदूळ. चपटे तांदूळ."

आता तिने वर पाहिले. "लोदहून इथे चपटे तांदूळ घेऊन आला, आणि तुमच्या मुलीशेजारी बसून गायला."

माझे हिब्रू तेव्हा फॅक्टरीपुरते होते. नवस या गोष्टीला त्या भाषेत शब्द असेलच, पण तो मागाच्या आवाजात कधी माझ्या कानावर पडला नव्हता. मी जे बोललो त्यातून तिला एवढेच कळले की मी रागावलो आहे. ती शांतपणे म्हणाली, "दरवर्षी कोणीतरी बाप मला शब्द देतो आणि मुलगी वर्गात दिसत नाही. ती जागा मग वर्षभर रिकामी राहते. यावर्षी मी ती वाया जाऊ दिली नाही. त्यांना कळवलं, आणि दुसऱ्या मुलीचं नाव दिलं."

पुस्तिकेतली माउली ही. ती दुष्ट नव्हती. तिने पाहिलेल्या बापांना ती विसरू शकत नव्हती, एवढेच. पण ती माझ्या घरी आली नाही, तिने मला काही समजावले नाही, आणि मोडायला लग्न नव्हते. तिने मोडली ती जागा.

मी घरी येऊन हे सांगितले. मुलगी आईला म्हणाली, "साडी कशाला नेसवलीस?" हिब्रूत म्हणाली. आईला शब्द कळले की नाही कोण जाणे, अर्थ कळला. ती म्हणाली, "देवापुढे काय फ्रॉकात बसवू?" आणि आत गेली.

शेजारणीला बातमी भिंतीतून कळली. ती संध्याकाळी आली, कमरेवर हात ठेवून. "बेर शेव्याला कधी जायचं?"

"तुम्ही कशाला, बाई?" पत्नीने विचारले.

"ओरडले मी ना? मग मोठ्या मास्तरासमोर मीच सांगते की ओरडले ते उगाच."

मी फॅक्टरीतून रजा घेतली आणि आम्ही तिघे निघालो: मी, मुलगी आणि शेजारीण. बसमध्ये ती वाटभर बोलत होती. मी मनातल्या मनात हिब्रू वाक्ये जुळवीत होतो आणि एक जुळले की आधीचे सुटत होते. मुलीने तो निळा शर्ट घातला होता.

हेडमास्तर जर्मनीकडचे, हळू आणि स्वच्छ बोलणारे. त्यांनी आम्हांला आत बोलावले. माझी जुळवलेली वाक्ये उपयोगी पडायच्या आत शेजारीण पुढे झाली.

"साहेब, मी सात लेकरांची लग्नं लावली आहेत. लग्न मला कळतं. ते लग्न नव्हतं, साखरपुडा नव्हता, काही नव्हतं. मीच उगाच ओरडले."

"पण गोष्ट तुमच्यापासूनच पसरली ना?"

"हो. चुकले. पण विचार करा, लग्न ठरलं असतं तर शेजारणीला जेवायला नको बोलवायला? मांस नाही, मासे नाहीत. यांनी मला मूठभर गोड तांदूळ दिले आणि दारातून निरोप दिला. असे लोक लग्न करतात?"

हेडमास्तर हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि मुलीला विचारले, "तुला इथे यायचं आहे का?"

आमच्यात वडील समोर असताना परक्याच्या प्रश्नाला मूल आधी उत्तर देत नाही. तिने माझ्याकडे पाहिले. हेडमास्तरांनी ते पाहणे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. माझ्या लक्षात आले की त्यांना आता चपटे तांदूळ, साडी, सगळे पुन्हा खरे वाटू लागले आहे. मी "बोल" म्हणालो असतो तर ती माझ्या हुकमावरून बोलली असती, आणि तेही त्यांना तसेच वाटले असते.

मी उठलो. शेजारणीच्या कोपराला धरून तिलाही उठवले. आम्ही बाहेर गेलो आणि मी माझ्या हाताने दार लोटून घेतले.

बाहेर बाक होता. मी बसलो नाही. आतून तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आधी थोडासा आला, थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि चालूच राहिला. शेजारीण मला म्हणाली, "बोलतेय." मी म्हटले, "काय बोलतेय?" ती म्हणाली, "मला कसं कळणार? तुमच्यासारखी पुटपुटते." ती आत काय बोलली ते मी तिला कधी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. त्या दाराबाहेर मला प्रथमच असे वाटले की तिचे काय होणार हे माझ्या हाती राहिलेले नाही, आणि हे मला सुखाचे वाटले नाही.

दार हेडमास्तरांनीच उघडले. "ती इथे यायला योग्य आहे," ते म्हणाले. "पण वर्ग भरला आहे. त्या दुसऱ्या मुलीला मी काढणार नाही."

"काढू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी जुळवले नव्हते, तरी बरोबर आले. "तिचा काय गुन्हा?"

"मग तुमच्या मुलीला कुठे बसवू? जितकी मुलं तितक्याच खुर्च्या आहेत. नव्या मागवल्या आहेत, त्या सणांनंतर येतील. तेव्हा घेऊन या. तोपर्यंत घरी अभ्यास करू द्या."

सणांनंतर म्हणजे ऑक्टोबर. फोरमनचा महिना. घरी राहिलेली मुलगी सणांनंतर शाळेत जात नाही, हे शिक्षिका जाणत होती, फोरमन जाणत होता आणि त्या खोलीत उभा राहून मीही जाणत होतो.

पुढे काय झाले याविषयी पुस्तिकेत लिहिले आहे की शिक्षिकेने मुलीला हाताला धरून नेऊन बसवले. पुस्तिकेला खोटे ठरवायला माझ्याजवळ साक्षीदार उरलेले नाहीत. शेजारीण गेली, हेडमास्तर गेले असतील, माझी पत्नी गेली. मुलगी स्वतः आजी झाली आहे आणि म्हणते, "बाबा, सोडून द्या ना, लोकांना गोष्ट आवडते." मी सोडणार नाही. बाप विरोधात होता की नव्हता, मुलीला कोणी नेले आणि कोणी बसवले, यावर ज्याला अजून वाद घालायचा असेल त्याच्यासाठी एकच गोष्ट सांगतो, आणि ती माझी मुलगी नाकारणार नाही. सणांच्या आधी, शाळा उघडली त्या सकाळी मी तिच्याबरोबर पहिल्या बसने गेलो, आणि त्या वर्षी वर्गात ती ज्या खुर्चीवर बसली ती आमच्या स्वयंपाकघरातली होती.